मनिलाच्या रुपयावरची बाई

माझी माय घण मारायची. कॉलेजात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्हा लोहारांच्या घरी त्यात नवल काही नाही. बाप सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसतो, उजव्या हातातली लहान हातोडी टेकवून जागा दाखवतो आणि समोर उभी असलेली बाई त्या जागेवर दोन्ही हातांनी घण घालते. नांगराचा फाळ असो की कुऱ्हाड, एकट्याने होत नाही. पण नागपूरच्या वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मुलांचे वडील कुणी मास्तर होते, कुणी पटवारी. आई काय करते असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, घरीच असते. ते खोटं नव्हतं, कारण भट्टी घराला लागूनच होती.

आता हे लिहिताना थोडं अवघड वाटतं. पण त्या नाण्याबद्दल सांगायचं तर मायचा घण आधी सांगावाच लागतो.

नवेगावच्या बांधापासून तीनेक कोसांवर आमचं गाव. स्वातंत्र्य मिळालं त्या साली हिवाळ्यात गावातला एक माणूस पलटणीतून सुटून परत आला. लढाई संपल्यावरही तो बरेच दिवस सिंगापूरला होता. आल्याआल्या कुऱ्हाड घेऊन तो आमच्या भट्टीवर आला. बापाने आणि मायने ती तापवून, ठोकून नीट करून दिली. गावातल्या कामाचे आम्ही पैसे घेत नसू. सुगीत प्रत्येक घरून धान यायचं, त्यात वर्षाचं सगळं काम आलं. तरी त्या माणसाने खिशातून एक नाणं काढून ऐरणीवर ठेवलं.

"हे काय गा?" बाप म्हणाला.

"मनिलाचा रुपया हाय, दादा. सिंगापुरात एका खलाशाले मी कंबल देल्ली, त्यानं हा देल्ला."

"इथं चालते का?"

"इथं कायले चालंल? इथं त अजून गोऱ्या राजाचंच मुंडकं चालून राहिलं."

"मंग मले काऊन देतं?"

"तुयापाशी ऐरण हाय म्हून. पाह्य त खरं त्याच्यावर काय हाय."

बापाने नाणं उजेडात धरलं. आपल्या रुपयाहून मोठं, जाड, चांदीचं. पण ठिकठिकाणी काळं पडलेलं आणि एका बाजूने बारीक बारीक खड्डे खाल्लेलं. मधोमध एक बाई उभी होती. तिच्यापुढे ऐरण होती आणि हातात हातोडा. मागे एक निमुळता डोंगर, त्याच्या शेंड्यातून धूर निघत होता.

मायने घण खाली ठेवला आणि पदराला हात पुसून नाणं घेतलं. बराच वेळ ती ते उजेडात फिरवत राहिली. आमच्या गावात घण मारणाऱ्या दोनच बाया होत्या, माय आणि माझी काकू. त्यांचं चित्र कुणी काढावं असं कुणाच्या मनातही आलं नसतं. आणि इथे तर ते पैशावर होतं.

"हे बाई नोहे," माय शेवटी म्हणाली. "एका हातानं घण उचलून राहिली. केस मोकळे. लुगडं पायात लोळून राहिलं. एक इंगळ उडला त पेटंल ना. देव हाय हे."

"अन् मांग डोंगर पेटला, तरी तिले फिकीर नाही," बाप म्हणाला.

"तो डोंगर नोहे. ते तिची भट्टी हाय."

माझी बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. ती मायच्या हाताखालून डोकावून म्हणाली, "माय, हे देवी आळशी दिसते. ऐरणीवर लोखंडच नाही."

मायने तिच्या डोक्यात टपली मारली. मग नाणं माझ्यापुढे धरलं. मी त्याच वर्षी इंग्रजी शिकायला लागलो होतो आणि घरात अक्षर ओळखणारा मी एकटा. चित्राच्या खाली एक शब्द होता. मी एकेक अक्षर जुळवत वाचलं: फिलिपिनास. दुकानातल्या कॅलेंडरवर देवाच्या चित्राखाली देवाचं नाव छापलेलं असतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी म्हणालो, "तिचं नाव हाय हे."

ही चूक माझी. तेव्हापासून ती फिलपीन माय झाली. भट्टीच्या भिंतीत हात पोचेल अशा उंचीवर एक कोनाडा होता, तिथे ती बसली. चिंच आणि राख लावून मायने तिला कितीदा घासलं, पण काळे डाग गेले नाहीत. सकाळी घण उचलण्याआधी माय त्या नाण्याला बोट लावून कपाळाला लावायची. दसऱ्याला हत्यारांची पूजा होई तेव्हा ते नाणं ऐरणीवर ठेवून त्याला हळद-कुंकू, फूल, गुळाचा खडा. मायचा उजवा खांदा दुखायचा. त्या दिवसांत ती नाण्याशी काहीतरी पुटपुटायची. काय ते मी कधी विचारलं नाही.

मॅट्रिक होऊन मी नागपूरला गेलो. मायच्या पायातले चांदीचे तोडे माझ्या पहिल्या वर्षाच्या फीमध्ये गेले. दुसऱ्या वर्षी नवे पैसे आले. आणे जाऊन शंभर पैशांचा रुपया झाला, आणि बाजारात सगळीकडे चौसष्ट पैशांचे शंभर कसे झाले यावर वाद चालू झाले. त्या आठवड्यात आमच्या इतिहासाच्या सरांनी वर्गात नाण्यांबद्दल सांगितलं. कोणत्या राजाने काय छापलं, का छापलं. मी मागच्या बाकावर बसायचो आणि सहसा तोंड उघडत नसे. पण त्या दिवशी तास संपल्यावर मी सरांच्या मागे गेलो. आमच्या नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून मी एक ठसा काढून आणला होता, तो माझ्या वहीत होता. मी विचारलं, "सर, ही देवी कुठल्या लोकांची?"

सरांनी कागद खिडकीजवळ नेला.

"हा पेसो आहे. फिलिपीन बेटांचा. हे तुम्हाला कुठे मिळालं?"

"आमच्या घरी आहे."

"ही देवी नाही. खाली नाव आहे ते देशाचं आहे."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटलं.  त्यांनी मला ग्रंथालयासाठी एक चिठ्ठी लिहून दिली.

त्यानंतर पंधरा दिवस मी संध्याकाळी ग्रंथालयात बसत होतो. इंग्रजी माझं कच्चं होतं, एका पानाला तास जाई. पण मला उठवत नसे. जे वाचत होतो ते खरं आहे यावर विश्वास बसायला वेळ लागत होता.

त्या बेटांवर फार जुन्या काळी सोन्याचे लहान लहान मणी चालत. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही हरभऱ्याएवढे. त्यांच्या चपट्या बाजूला एक अक्षर उठवलेलं असे आणि ते 'म' असावं असा काहींचा अंदाज होता. तिथे सोनं तोलायच्या एका वजनाला मास म्हणत, आणि तो शब्द आपल्याकडून समुद्रापार गेलेला असावा. तोळा, मासा, गुंज. बारा मासे म्हणजे तोळा, तो आमच्याकडच्या सोनाराच्या तोंडातला मासा. विद्वानांचं यावर एकमत नाही असंही तिथे लिहिलं होतं, म्हणून मी ठामपणे काही सांगत नाही. पण ती ओळ मी उभा राहून वाचली, एवढं आठवतं.

मग स्पेनचे लोक आले. त्यांची चांदी यायची मेक्सिकोतून, अख्खा महासागर ओलांडून, महिनोन्‌महिने जहाजात. त्या जहाजांतून आलेल्या रुपयांनी मनिलाचा सारा बाजार चालायचा. पुढे मेक्सिकोसकट महासागरापलीकडचे देश एकेक करून स्पेनपासून स्वतंत्र झाले आणि त्यांच्या नाण्यांवर स्वातंत्र्याचे शब्द आले. ती नाणी मनिलात उतरली तेव्हा स्पेनच्या राजाच्या माणसांनी त्यांवर राजाचा शिक्का मारला, मगच चालू दिली. नाण्यावरच्या शब्दाला राजा भितो, हे मला फार मोठं वाटलं.

स्पेन गेलं, अमेरिका आली. तिने मेक्सिकोची जुनी नाणी वितळवून नवा पेसो काढला, शंभर सेंटाव्होंचा. आपल्याला आत्ता मिळालेले शंभर पैसे त्यांच्याकडे केव्हाचेच होते. नाण्यावर काय असावं ते काढायचं काम त्या देशातल्याच एका कारागिराला मिळालं. तो गरिबीतून वर आला होता आणि छातीच्या रोगाने आजारी होता. त्याने राजा काढला नाही, राणी काढली नाही. ऐरणीपुढे उभी बाई काढली. म्हणतात की त्याने त्यासाठी स्वतःच्या लहान मुलीला समोर उभं केलं होतं. नाणी निघाली त्याच सुमारास तो वारला. पुढे चांदी महागली, लोक नाणी वितळवून विकू लागले, म्हणून सरकारला पेसो लहान करावा लागला. आमचा हा त्या लहान पेसोंपैकी होता. म्हणजे आधीचा याहून मोठा होता.

लढाईची गोष्ट सरांनी स्वतः सांगितली. त्यांनी ती एका मासिकात वाचली होती. जपान चालून आलं तेव्हा चांदीच्या पेसोंच्या पेट्या शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून मनिलाजवळच्या समुद्रात बुडवल्या. जपानने आपले कागदी पेसो छापले. ते इतके छापले की लोक टोपलीभर नोटा घेऊन जात आणि ओंजळभर तांदूळ घेऊन येत. डोंगरात लपलेल्या लढवय्यांनी मिळेल त्या कागदावर आपल्या वेगळ्या नोटा काढल्या. तसली नोट घरात सापडली तर जीव जायचा, तरी लोकांनी त्या लपवून ठेवल्या. आणि समुद्राच्या तळाशी ती चांदी पडून होती. पाणबुड्यांनी थोडी काढली, लढाईनंतर आणखी काढली, आणि ती काळी पडलेली, खाऱ्या पाण्याने खाल्लेली नाणी पुन्हा बाजारात आली.

"तुमच्या नाण्यावरचे खड्डे त्याचेच असावेत," सर म्हणाले. "एकदा घेऊन या. मला पाहायचं आहे."

वसतिगृहाकडे परत जाताना मला रस्ता कळत नव्हता. आमच्या कोनाड्यात, हळदीच्या डबीशेजारी, समुद्र होता.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो तेव्हा बहिणीचं लग्न ठरलं होतं. सालेकशाकडचं लोहाराचंच घर. आमच्यात नवरीच्या पायात माहेरचे चांदीचे तोडे लागतात, जोडी वीस तोळ्यांची. सासरच्या दारात बाया तिचा पाय धरून तोडा हाताने उचलून पाहतात. काट्याशिवाय त्यांना वजन कळतं. बापाने वर्षानुवर्षं जमवलेले राणी छाप रुपये पेटीतून काढले. ते अठराच भरले, एकेक तोळ्याचे. धान विकून बाकीचा खर्च कसाबसा निघणार होता. चांदीला पैसे नव्हते.

बापाने एकदा कोनाड्याकडे पाहिलं.

"तिकडं पाहू नको," माय म्हणाली.

"मी काही म्हणालो का?"

"डोळ्यानं म्हणालास."

"मी हलके तोडे घालून जाईन ना, माय," बहीण म्हणाली. "चालाले बरे."

"तुले काय मालूम. माया तोड्यात तोळा कमी होता. तुयी आत्या अजून ते गोष्ट काढते. पंचवीस वर्षं झाले, अजून काढते."

"मंग आता कायची काढंल? आता त तोडेच नाहीत तुया पायात."

बहिणीने हे हसून म्हटलं होतं. पण मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन उठली. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो होतो.

मला माहीत होतं ते मी बोललो तर काय होईल हे मला स्पष्ट दिसत होतं. देवी आहे म्हणून नाणं वाचलं होतं. देवी नाही म्हटलं की ते सोनाराच्या मुशीत जाणार. आणि खरं सांगायचं तर ते जाऊ नये असं मला वाटत होतं. मला ते सरांकडे न्यायचं होतं. इतका इतिहास ज्याच्या अंगावर आहे ते नाणं सबंध जिल्ह्यात दुसरं नसेल, असं मी स्वतःला सांगत होतो. मी गप्प बसलो असतो तर मायची देवी राहिली असती आणि माझं नाणं राहिलं असतं. बहीण तेवढी हलक्या तोड्यांनी गेली असती.

दोन दिवस मी गप्पच होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मायने नेहमीसारखं नाण्याला बोट लावलं आणि खांदा धरून क्षणभर थांबली. ते पाहून मात्र मला राहवलं नाही.

"माय, ते देवी नोहे."

तिने वळून पाहिलं. बाप भाता ओढत होता, त्याचा हात थांबला.

मी सगळं सांगितलं. नीट सांगता आलं नाही, मागचं पुढे झालं. देशाचं नाव, कारागीर, जहाजं, समुद्र. मी लहानपणी चुकीचं वाचलं हेही सांगितलं.

"इतके वर्षं मी हिले गूळ देल्ला," माय म्हणाली.

तिने कोनाड्यातल्या नाण्यावर पुन्हा बोट ठेवलं.

"बाई हाय त एका हातानं कशी उचलते?"

"त्यानं आपल्या पोरीले समोर उभी केली म्हणतात. लहान होती."

"पोरगी? कोणाची?"

"चित्र काढणाऱ्याची. तो बिमार होता. मंग मेला."

मायने नाणं कोनाड्यातून काढलं आणि दारात जाऊन उजेडात धरलं. पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच, बराच वेळ. तिला आता वाईट वाटत असेल असं मला वाटत होतं. पण तिचा चेहरा तसा नव्हता. नवी कुऱ्हाड पाण्यात बुडवून वर काढली की ती जशी पाहते, तशी पाहत होती.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "पोरगीच हाय. खांदा पाह्य. या खांद्यानं कधी घण उचलला नाही. बापानं हातात देल्ला, तिले पेलला नाही, त्यानं पेलला असा काढला." मग थोड्या वेळाने, "अन् साऱ्या मुलखानं तिले हातात घेऊन बाजार केला?"

"हो."

"राजा रुसला नाही?"

"तेव्हा राजा नव्हता तिथं."

"अन् पाण्यात होती?"

"बहुतेक. मले पक्कं मालूम नाही."

बापाने हळूच विचारलं, "मंग काय करतं?"

"देव असती त देल्ली नसती," माय म्हणाली. "कोणाची लेक हाय. आपल्या लेकीसंग जाऊ दे."

"वितळून?" मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला होता. "माय, असं नाणं पुन्हा भेटत नाही. मेक्सिकोपासून..."

"तूच त सांगितलं ना. त्या मेक्सिकोची चांदी पहिले दुसऱ्या कोणाचा रुपया होती. त्याचा हा झाला. अन् आपण रोज काय करतो रे? फाळ मोडला का त्याचा विळा करतो. फाळ गेला म्हून बसून रडतो का?"

ग्रंथालयात पंधरा दिवस बसून मला जे कळलं होतं, ते तिने भट्टीपुढे उभं राहून असं सांगितलं. 

आठवड्याने आम्ही लहान आगगाडीने गोंदियाला गेलो. माय, बहीण आणि मी. सोनार म्हातारा होता, अर्धं हिंदी बोलायचा. त्याने आधी रुपये मोजले, मग पेसो हातात घेऊन चष्मा वर केला.

"ये कहाँ की बाई उठा लाए?"

"समुद्रातली," बहीण म्हणाली.

सोनाराने कसोटीवर नाणं घासलं. राणी छापापेक्षा चांदी थोडी उतरती, पण खरी, असं म्हणाला. मग तराजूत टाकून, "एक तोळा, आठ मासे." ग्रंथालयात वाचलेला तो मास इथे तराजूत होता. मला ते सांगावंसं वाटलं, पण ते दुकान तसल्या गोष्टीचं नव्हतं.

"चार मासा कम पड़ेगा वीसला," तो म्हणाला.

"तेवढं कोणाच्या हाताले समजत नाही," माय म्हणाली. "फक्त हे मांगून टाक. सगळ्यात शेवटी."

मूस कोळशांत बसली. रुपये एकमेकांवर रचलेले होते, राणीची तोंडं वर. ती लाल झाली, मऊ झाली, एकमेकींत मिसळून खाली बसली. मग सोनाराने चिमट्याने पेसो सोडला. तो लगेच गेला नाही. पातळ चांदीवर थोडा वेळ तसाच तरंगल्यासारखा राहिला. काळे डाग आधी उजळले. इतक्या वर्षांत राखेने न निघालेले ते डाग आगीत निघाले आणि ती बाई क्षणभर इतकी स्वच्छ दिसली की तिची बोटं मोजता आली असती. मग धुराचा डोंगर गेला. ऐरण गेली. हातोडा आणि हात एक झाले.  बहिणीने माझा दंड पकडला होता.

सोनार फुंकणीने वारा घालत होता. माय पुढे वाकून मुशीत पाहत होती. तिने आयुष्यात चांदी कधी वितळवली नव्हती.

"आता," ती म्हणाली.

सोनाराने फुंकणी तोंडातून काढली. "बाई, चाँदी है ये. लोहा नहीं."

"रंग पाह्य ना."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मुशीत पाहिलं. आणि सांडशीने मूस उचलून चांदी साच्यात ओतली.